टपावरचं बिऱ्हाड

यवतमाळहून झरी-जामणी तालुक्यात जायचं तर मुलांची अडचण नसते, त्यांना एसटी आहे. अडतं ते सामानापाशी. राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर म्हणजे अख्खं बिऱ्हाडच: गाद्या, सतरंज्या, पातेली, कढया, तांदळाची पोती, घमेली, फावडी, टिकास, मंडपाचे बांबू, ताडपत्री, भोंगा. यंदा आमचा मुक्काम एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, होता. तिथे जागा होती, पाणी होतं, माणसं आपलेपणाची होती. मात्र पन्नासेक जणांच्या अंथरुणा-भांड्यांची सोय आम्हालाच करायची होती. मुलं बसने पुढे गेली आणि मी सामानाच्या पिकअपमध्ये बसलो. सामानासोबत जायची मला आवड आहे. कुठला रस्ता किती चांगला, हे माणसाच्या आधी सामानाला कळतं.

या पिकअपच्या हौद्यावर पत्र्याचा बंद टप बसवलेला होता आणि टपावर लोखंडी कॅरियर. असा टप आपल्याकडे बरेच जण करून घेतात. माल भिजत नाही, दाराला कुलूप लागतं. त्यावर कॅरियर चढवताना मात्र बहुतेक जण घाई करतात आणि सरळ पत्र्यावरच पाय टेकवतात. पत्रा ऊन-पाऊस झेलायला असतो, वजन झेलायला नसतो. पहिल्याच खड्ड्याला तो खोलगट होतो, बोल्टाची भोकं रुंदावतात आणि पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते. आमच्या पिकअपवाल्या भाऊंनी यवतमाळातल्या वेल्डिंगवाल्याकडे बसून वेगळं काम करून घेतलं होतं. टपाच्या आतून चारही कोपऱ्यांना चौकोनी पाइप उभे केले होते, खाली ते हौद्याच्या बाजूंना बोल्टांनी आवळलेले आणि वर त्यांच्यावरच कॅरियर. पत्रा मधे नुसता झाकणापुरता. वरचं ओझं पाइपांतून हौद्यात आणि हौद्यातून चासीवर उतरतं. भाऊंनी टपाचं दार उघडून मला आतले पाइप दाखवले, बोल्टाखालचं रबराचं पॅकिंगही दाखवलं. "पत्र्याले भार नाई पायजे सर. पत्र्याले भार देल्ला का गाडी रडते."

माल भरायला सकाळ गेली. मुलांनी उत्साहाने तांदळाची पोती आधी टपावर चढवायला घेतली, तशी भाऊंनी त्यांना थांबवलं. "जड खाली ठेवजा, पोकळ वर ठेवजा." तांदूळ, भांडी, अवजारं हौद्यात गेली, तीही मागच्या दाराशी न ठेवता पुढे केबिनला लागून. गाद्या, सतरंज्या, बांबू आणि ताडपत्री वर गेली. यामागचं कारण कुठल्याही अभियंत्याने सांगावं असं चोख आहे. ओझं जितकं उंच, तितका गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर तिला बाहेरच्या अंगाला कलंडायला तेवढं निमित्त पुरतं. उभी गाडी टपावर जेवढं पेलते, तेवढं ती खड्ड्यातून उसळताना पेलत नाही. म्हणून टपावर जागा आहे तेवढा माल भरायचा नसतो, गाडीला सोसेल तेवढाच भरायचा असतो.

बांबूंचा प्रश्न वेगळा होता. दोन बांबू पुढे केबिनवरून बाहेर येत होते. भाऊंनी करवत मागितली. मी म्हटलं, लाल फडकं बांधून चालणार नाही का? ते म्हणाले, नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर किंवा ठरल्या उंचीच्या वर माल काढला तर 20,000 रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. पण दंडाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. आधी म्हणाले, "मोटरसायकलवाल्याच्या डोयात जाते सर." बांबू कापले.

मग दोर. हे मात्र मी जवळ उभं राहून पाहिलं. दोराचं एक टोक कॅरियरच्या पाइपला पक्कं केलं, दोर गाद्यांवरून पलीकडे फेकला. पलीकडे भाऊंनी लोंबत्या दोराला छातीच्या उंचीवर एक दुमड घातली आणि ती दोराच्याच एका फेऱ्यात अडकवली. तिच्याखाली जो मोठा फास तयार झाला त्याला दोन पीळ दिले, तो हौद्याच्या कडेच्या आकड्यात टाकला आणि मोकळं टोक सगळ्या अंगाने खाली ओढलं. वरचा फेरा अशा वेळी कप्पीचं काम करतो. हाताने लावलेल्या जोरापेक्षा जास्त ताण दोरात उतरतो. गादीचा फुगवटा डोळ्यांसमोर खाली बसला. सोडताना ताण काढला की ही गाठ आपोआप उकलते, नखांनी ओरबाडावी लागत नाही. नायलॉनचा दोर गुळगुळीत, तो सरकतो. म्हणून गाद्यांवर त्यांनी अंबाडीचा जुना दोर वापरला. आमच्या भागात तुरीच्या-कपाशीच्या शेतात धुऱ्याला अंबाडी लावायची रीत आहे. तिच्या सालीचे कासरे, दावे, चऱ्हाटं घरोघरी वळली जात. आता अंबाडीची भाजी उरली आणि दोर बाजारातून येतो. भाऊंकडचा दोर त्यांच्या वडिलांनी वळलेला होता.

जोडमोह्याच्या वाटेने निघालो. कापसाची वेचणी ऐन रंगात होती. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या, फळ्या लावून उंच केलेल्या, दोन्ही अंगांनी फुगलेल्या, मागे पांढरे पुंजके उडवीत. शहराबाहेर पडून थोडं अंतर गेल्यावर भाऊंनी गाडी बाजूला घेतली. माल सुरुवातीच्या धक्क्यांत बसतो, दबतो आणि बांधताना ताठ असलेला दोर सैल पडतो. त्यांनी प्रत्येक दोर मुठीने ओढून पाहिला, दोन परत आवळले. पुढच्या साऱ्या वाटेत दोर हलला नाही. पण हा पहिला थांबा चुकवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, त्यांच्या गाद्या वाटेतल्या लोकांनी उचलून दिल्याचंही पाहिलंय.

या जिल्ह्याची टपाशी जुनी ओळख आहे. मला आठवते ती एसटी: मागे शिडी, वर जंगला, आणि डोक्यावर टोपली घेऊन एका हाताने शिडी धरत चढणारा हमाल. टपावर सायकली जात, कोंबड्यांचे खुराडे जात, नवरीच्या घरचं कपाट जाई. पुढे काळीपिवळ्या आल्या आणि त्यांच्या टपावर माल आणि माणसं दोन्ही बसू लागली. ते थांबायला हवंच होतं, टपावरून माणसं पडून गेली आहेत. पण इतकं सगळं टपावर का चढलं, याचं उत्तर रुळांवर आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे इंग्रजी अमदानीत सुरू झाली. किलिक निक्सन कंपनीने ती बांधली ती इथला कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना पोचवण्यासाठी. वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढलं, नंतर डिझेल आलं, आणि आता तिच्या रुळांवर गवत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी 2024 मध्ये सुरू झाली. ती यवतमाळ ओलांडून पुढे जाईल तेव्हा जाईल. तोवर इथल्या गावांची मालगाडी म्हणजे हीच, चार चाकांची आणि टपावर कॅरियर असलेली. म्हणून त्या कॅरियरचे पाइप नीट बसवणाऱ्या वेल्डरचा आणि दोर नीट आवळणाऱ्या हातांचा मला मनापासून आदर वाटतो. जिल्ह्याचा संसार त्यांच्या भरवशावर हलतो.

पांढरकवड्याला श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग, 44 नंबरचा, लागला. इथे गाडीला वेग मिळाला आणि लगेच वरून आवाज सुरू झाला, ताडपत्रीची एक कड फडफडत होती. वाऱ्याचा रेटा वेगाच्या दुपटीला चौपट होतो. गावरस्त्यावर गप्प बसलेली कड महामार्गावर फाटू शकते. भाऊंनी वेग साठच्या आत ठेवला आणि ढाबा आल्यावर कड दुमडून दोराखाली दाबली. त्याच ढाब्यावर उत्तरेकडची एक गाडी उभी होती, टपावर ओळीने सायकली. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणाऱ्यांची ती सोबतची गाडी. त्यांचं कॅरियर अॅल्युमिनियमचं, सायकलीच्या दांड्याला धरणाऱ्या चिमट्यांचं, पट्ट्यांना खटक्याची कडी. भाऊंनी परवानगी घेऊन कडी उघडून-लावून पाहिली आणि त्यांच्या ड्रायव्हरला आपली अंबाडीची गाठ दाखवली. त्या गृहस्थांनी तीनदा बांधून पाहिली, तिसऱ्यांदा जमली.

केळापूरच्या जगदंबेला गाडीतूनच हात जोडले. एका अंगाला, सागाच्या रानापलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य. पुढे महामार्ग सोडून झरीच्या दिशेला वळलो आणि टपाची खरी कसोटी इथे लागली. रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंनी बाभळी आत झुकलेल्या. गाडीची उंची ड्रायव्हरला सवयीने ठाऊक असते, टपावरच्या मालाची नसते. म्हणून क्लिनर मुलगा उतरून पुढे चालत होता, वर बघत, हाताने खुणा करत. फांद्यांखालून गाडी सावकाश निघाली. एका गावात मात्र गल्लीवरून विजेच्या तारा बऱ्याच खाली आलेल्या दिसल्या. गावातला एक तरुण मदतीला धावला, वाळकी काठी घेऊन तार उचलतो म्हणाला. भाऊंचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदा चढला. "तारेले हात नाई लावाचा! काठी ओली का वायली, इजेले काय मालूम?" गाडी मागे घेतली, गावाबाहेरून शेताच्या पांदणीने वळसा घातला. अर्धा तास गेला. मी आजवर सामान वाहण्यात जे काही शिकलो त्यात हा अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि शिबिरात मुलांना मी तो पहिल्याच संध्याकाळी सांगितला.

पोडावर पोचलो तेव्हा मुलं वाट पाहत होती. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कोलाम एक, कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. बांबूकामात कोलामांचा हात धरणारं कोणी नाही. आमचे कापलेले बांबू पाहून एका आजोबांनी विचारलं, कोणी कापले? करवतीचा काप त्यांना आवडला नाही. पेरावर कापला असता तर टोक चिरलं नसतं, असं म्हणत त्यांनी आपल्या विळ्याने दोन्ही टोकं पेरापाशी साफ करून दिली. बांबू आणखी वीतभर आखूड झाले, मंडप तरी उभा राहिला.

शिबिर संपल्यावर पिकअप परत निघाली ती रिकामी नव्हती. पोडावरच्या टोपल्या, सुपं, तट्टे पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात न्यायचे होते. टपावर न्यायला याहून चांगला माल नाही: आकाराने मोठा, वजनाने काहीच नाही. भाऊ दोर घेऊन पुढे झाले, पण आजोबांनी त्यांना बाजूला केलं. टोपल्या त्यांनी एकात एक अशा रचल्या नाहीत. पालथ्या-उताण्या आलटून-पालटून ठेवल्या, कडेला कड गुंतवत, आणि कॅरियरला चारी बाजूंनी ओल्या बांबूच्या कामट्यांनी बांधल्या. दोर एकही नाही. भाऊंनी कामटी ओढून पाहिली, मग दुसरी, मग कोपऱ्यातली. "कशी बांधली, मले शिकवजा," ते म्हणाले. आजोबांनी एक कामटी सोडली आणि त्यांच्या हातात दिली.