गादी सोडल्यानंतर

चातुर्मासात आमच्या इंदूरच्या घरी भक्तविजयाची पोथी लागत असे. ताहराबादच्या महिपतींनी ती १७६२ साली लिहून पूर्ण केली; आणि आपण पदरचे काही सांगत नाही, नाभाजींनी ग्वाल्हेरी भाषेत जी संतचरित्रे लिहिली त्यांचा आपल्याला आधार आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. माळव्यात आणि ग्वाल्हेरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना ही नोंद जिव्हाळ्याची वाटावी. इकडच्या कथा तिकडे जाऊन ओवीबद्ध झाल्या आणि आमच्या पूर्वजांच्या सामानातून पुन्हा इकडे परतल्या. त्या संतमेळ्यातल्या पीपाजींकडे माझे लक्ष वळले ते मात्र फार उशिरा, शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर. कारण उघड आहे. कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार यांनी भक्ती केली, तर त्यांचा व्यवसाय त्यांच्यापाशीच राहिला. पीपाजींना मात्र आधी आपले पद सोडावे लागले.

पीपाजी हे गागरोनचे खीची चौहान राजे. इंदूरहून उज्जैन, आगर, सुसनेर असे उत्तरेला गेले की राजस्थानात झालावाड लागते आणि तेथून जवळच आहू व कालीसिंध यांच्या संगमावर हा गड उभा आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खंदक. २०१३ साली युनेस्कोने राजस्थानातील जे सहा डोंगरी किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत हा एक. मी गेलो तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता आणि नद्या गढूळ, भरलेल्या होत्या. मार्गदर्शक तरुण तावातावाने १४२३ सालची हकिकत सांगत होता: माळव्याच्या सुलतान होशंगशाहाचा वेढा, अचलदास खीचीचे मरण, स्त्रियांचा जोहार. चारण शिवदासाने आपल्या वचनिकेत तो प्रसंग अमर केला आहे. पुढे १४४४ मध्ये महमूद खिलजीने गड पुन्हा घेतला आणि दुसरा जोहार झाला. पीपाजींची जागा खाली, संगमाकाठी आहे, असे त्या तरुणाने जाता जाता सांगितले.

त्यांच्या काळाविषयी एकवाक्यता नाही. अनुयायी विक्रम संवत १३८० ची, म्हणजे १३२३ सालची चैत्री पौर्णिमा मानतात. शीख धर्माचा इतिहास लिहिणाऱ्या मॅकॉलिफ यांनी जन्मसाल १४२५ दिले आहे. महसूल खात्यात जन्मभर नोंदी ताडून पाहिलेल्या माणसाला दुसरी तारीख पटणे कठीण. १४२५ मध्ये जन्मलेल्या राजपुत्राला सोडण्यासाठी गागरोनची गादी कितीशी उरली होती? परंतु तारखेपेक्षा कथा मोठी आहे, म्हणून तिकडे वळतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अनंतदासांनी आणि १७१२ मध्ये भक्तमाळेवरील टीकेत प्रियादासांनी ती सविस्तर सांगितली. राजा देवीचा उपासक. देवीनेच त्याला काशीस रामानंदांकडे धाडले. रामानंदांच्या दारात निरोप मिळाला की येथे राजांचे काम नाही. पीपाजींनी बरोबरचे सारे वाटून टाकले. मग आतून आज्ञा आली, विहिरीत उडी टाक. राजा धावला, शिष्यांनी त्याला वरच्यावर धरले. येथवरचा भाग कीर्तनकारांना प्रिय असतो. मला मात्र त्यापुढची आज्ञा अधिक महत्त्वाची वाटते: परत जा आणि घरी राहून साधूंची सेवा कर. म्हणजे दीक्षा घेतलेला हा राजा प्रथम स्वतःच्या राज्यात परतला. काही काळाने कबीर, रैदास आदी शिष्यांसह रामानंद गागरोनला आले आणि द्वारकेला निघाले, तेव्हाच पीपाजी बाहेर पडले. राजा पळाला, प्रजेला वाऱ्यावर सोडून गेला, असा आक्षेप एका विद्वान स्नेह्यांनी माझ्यापाशी घेतला होता. त्याला कथेतच उत्तर आहे असे मला वाटते.

राण्याही निघाल्या. अंगावरचे दागिने टाकून घोंगडीचा तुकडा पांघरण्याची अट पडली, तेव्हा धाकटी सीता तेवढी उरली. बाकीच्यांना कथा तेथेच सोडून देते. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. संन्यास राजाचा होता, त्यांना कोणी विचारले होते?

यानंतर जे येते ते वाचताना मी थबकलो. वाटेत चीधर नावाच्या भक्ताकडे दोघे उतरले. घरात दाणा नव्हता. त्याच्या बायकोने अंगावरचे लुगडे विकायला दिले, शिधा आणवला आणि स्वतः धान्याच्या रित्या कणगीत लपून बसली. पाने मांडल्यावर पीपाजी म्हणाले, घरधनीण आल्यावाचून आम्ही जेवणार नाही. शोधता शोधता सीतेला ती कणगीत सापडली. सीतेने आपले वस्त्र मधोमध फाडले, अर्धे तिला नेसवले आणि हाताला धरून तिला पानावर आणून बसवले.

ज्याने फिरतीची नोकरी केली आहे त्याला ही कथा निराळी लागते. तहसीलच्या गावी मुक्काम पडला की जेवण येत असे. जिल्ह्यात प्रथम रुजू झालो तेव्हा एका वृद्ध पटवाऱ्याने मला सांगितले होते, "साहेब, ताट कोणाच्या घरचे, हे आधी विचारा, नंतर कोणी खरे सांगत नाही." मी विचारीत असे आणि पैसे देत असे. ते योग्य हाती पोचले का, हे मात्र त्या पदावरून दिसण्याची सोय नव्हती. दप्तरात कणगीला रकाना नसतो. गागरोनच्या गादीवर असताना पीपाजींनाही ती बाई दिसली नसती. गादी सुटल्यावर, यजमानाच्या ओसरीवर बसल्यावर ती दिसली, आणि तीही सीतेमुळे.

सीतेची दुसरी एक कथा मात्र मला आजही खटकते. घरी साधू आले, शिधा नाही. एका दुकानदाराने सामान दिले ते रात्री तिने त्याच्याकडे यावे या अटीवर. पाऊस पडत होता, म्हणून पीपाजींनी तिला खांद्यावर बसवून नेले. तिचे पाय कोरडे कसे, हे कळताच तो वाणी शरमला. टीकाकार हा भक्तीचा कळस मानतात. असतीलही, पण त्या रात्री सीतेच्या मनात काय होते हे कोणीही लिहिलेले नाही, आणि मला तर तिचेच चरित्र वाचावेसे वाटते.

एवढी भ्रमंती केलेल्या या माणसाचे गुरू ग्रंथसाहिबात धनासरी रागातले एकच पद आहे, आणि त्याचा आशय असा की देव, देऊळ, धूप, दीप, नैवेद्य सारे या देहातच आहे. जे ब्रह्मांडात तेच पिंडात. सौराष्ट्रातल्या पीपावाव बंदराला त्यांचे नाव आहे. आज लोकांना ते कंटेनरच्या जहाजांमुळे ठाऊक असते.

पीपाजींचा खरा वंश मात्र शिवणयंत्रावर बसलेला आढळतो. राजस्थान आणि माळव्यातील पीपावंशी दर्जी समाज त्यांना आपले गुरू मानतो. परंपरा अशी की त्यांच्यामागे आलेल्या राजपुतांनी शस्त्रे खाली ठेवून सुई हाती घेतली. पंधरा ऑगस्टच्या ध्वजवंदनाचे माझे बंद गळ्याचे कोट ज्या कारागिराने शिवले, त्याच्या दुकानात गणपतीशेजारी दाढीवाल्या संताची एक तसबीर होती. मी बरीच वर्षे ते कबीर असावेत असे समजत होतो. निवृत्तीनंतर एकदा गेलो, तेव्हा नाव विचारले. त्याने कात्री खाली ठेवली, दुकानाच्या पायरीपर्यंत चहा मागवला आणि मला पहिल्यांदाच 'साहेब' न म्हणता 'भाईसाहब' म्हणत गागरोनची सगळी हकिकत सांगितली. चीधरच्या घरची गोष्ट सांगताना त्याने टेबलावरचे कापड उचलून हातानेच दाखवले, वस्त्र कुठून फाडले असेल ते. आडवे नव्हे, उभे. म्हणजे दोघींनाही लांबी पुरते.