खटका

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून मुंबईला निघालो की आसनावर टेकताच मी प्रथम पट्टा तपासतो. धातूचे पाते बकलात सरकवायचे, खटका ऐकायचा, मग पट्टा जोराने ओढून पाहायचा. झडप उचलून सोडायची आणि ती आपसूक मिटते ना, हे पाहायचे. शेजाऱ्याला वाटते, म्हातारा घाबरला आहे. त्याचे फारसे चुकत नाही.

रामबागेतल्या वडिलोपार्जित घरी परतण्यापूर्वी माझी उमेद विमानांच्या केबिन तपासण्यात गेली. 180 आसने, तितकेच पट्टे, आणि वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची. सांडलेल्या गोड पेयाने झडपेची स्प्रिंग चिकटते. कडेचे धागे सुटतात. शिवण उसवते. पट्ट्यावरची चिठ्ठी वाचता येईनाशी झाली, तर धडधाकट दिसणारा पट्टाही काढावा लागतो. सर्वांत फसवा मात्र खटकाच. पाते अडकले, एवढेच तो सांगतो. बकलातल्या खरबरीत दांडीभोवती फिरलेला पट्टा ओढ बसल्यावर आवळला जाईल की निसटेल, याविषयी तो मुका असतो. ते हातालाच कळते.

एका पावसाळी रात्री पहाटेच्या उड्डाणाची घाई होती. शेवटच्या रांगेला हात न लावताच मी कागदावर खूण केली. दिवसभर डोळा लागला नाही. संध्याकाळी विमान परतले तेव्हा थेट त्या रांगेपाशी गेलो. पाच पट्टे उत्तम होते. सहावा खटका वाजवून बसला आणि ओढताच हातभर सरकला. त्या आसनावर जाताना-येताना कोणीतरी बसले होते. कोण, ते मी विचारले नाही.

21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर हवेच्या खळबळीत सापडले. अवघ्या 0.6 सेकंदात गुरुत्वाचा जोर उलटला आणि पट्टा न बांधलेले प्रवासी आसनांवरून वर उचलले गेले. ती बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली. चहा तसाच राहिला.

त्या सहाव्या पट्ट्याची नोंद मीच केली होती : ‘पट्टा झिजलेला. बदलला.’ दोन्ही वाक्ये खरी होती. आदल्या रात्रीच्या खुणेबद्दल मात्र मी वहीत काही लिहिले नाही.