टोपलीतील अंडे

पहाटे खुराड्याचे दार उघडते. कोंबड्या फडफडत अंगणात उतरतात आणि मागे गवतावर एखादे ऊबदार अंडे राहते. आजी ते हलक्या हाताने उचलते आणि कोंडा भरलेल्या टोपलीत ठेवते. जव्हारच्या डोंगराळ मुलखातील पाड्यांवर असे दृश्य पुष्कळ घरांत दिसते. बाजाराच्या दिवशी टोपली बाजारात जाते आणि तिच्या मोबदल्यात मीठ, तेल, मिरची घरी येते. घरातील नातवाच्या ताटात मात्र नाचणीची भाकरी आणि पातळ कालवण एवढेच पडते.

एवढ्याशा अंड्यात असते तरी काय? पिल्लासाठी निसर्गाने बांधून दिलेली ती शिदोरीच होय. एकवीस दिवस पिल्लू आत वाढते. बाहेरून त्याला मिळते ती केवळ ऊब आणि हवा. डोळे, पिसे, चोच हे सारे आतल्या साठ्यातूनच घडते. हाडांसाठी लागणारा चुना ते कवचातूनही घेते. ज्या शिदोरीवर एक जीव घडतो, ती वाढत्या मुलाला पोषक ठरावी यात नवल नाही. साधारण ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. पिवळ्या बलकात स्निग्धांश, लोह आणि 'अ' व 'ड' ही जीवनसत्त्वे असतात. 'क' जीवनसत्त्व तेवढे अंड्यात नाही. म्हणून अंड्याच्या रश्श्यावर लिंबाची फोड पिळणारी गृहिणी नकळत ती उणीव भरून काढते.

कच्चे अंडे अधिक बळ देते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. शिजलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक चांगली पचतात आणि रोगजंतूही आचेने मरतात. परंतु आच बेताची हवी. अंडे फार वेळ उकळले, तर बलकाभोवती हिरवट कडे धरते आणि पांढरा भाग चिवट होतो. उकडलेले अंडे असो, कांदा-मिरची घातलेली अंड्याची पोळी असो की रस्सा असो, थोडे लक्ष दिले की पदार्थ साधतो. जे अंडी खात नाहीत, त्यांना दूध, डाळी आणि शेंगदाणे यांचा आधार आहेच.

२०१५ साली महाराष्ट्रात आदिवासी भागातील मातांसाठी अमृत आहार योजना सुरू झाली. पुढे तेथील लहान बालकांनाही अंडी किंवा केळी देण्याचे ठरले. परंतु घरचे अंडे घरच्या मुलाला मिळावे, हे घरानेच ठरवावे लागते.

एकदा अंगणवाडीच्या ताईंनी नातवाचे वजन केले आणि त्या म्हणाल्या, "आजी, टोपलीतली दोन अंडी बाळासाठी मागे ठेवीत जा."

"मग मिठामिरचीला पैसे कुठले, ताई?" आजीने विचारले.

प्रश्न खोटा नव्हता. ताई गप्प राहिल्या.

पुढल्या बाजाराला आजीने टोपली उचलली, क्षणभर थांबली आणि दोन अंडी काढून फडताळात ठेवली. त्या आठवड्यात घरात मिरची थोडी कमी आली. नातवाच्या भाकरीशेजारी मात्र सोललेले, पांढरेशुभ्र अंडे होते.