एकास वीस

प्रौढ माणसाच्या छंदाला कोणी पोरखेळ म्हटलें कीं मला स्टर्नच्या टोबीकाकांची आठवण हटकून होते. ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरींतील हे सैनिक गृहस्थ १६९५ सालच्या नामूरच्या वेढ्यांत जांघेंत जखमी झालेले असतात. भेटीस येणारा प्रत्येक जण विचारतो, जखम झाली ती नेमकी कोठें? काका बुरूज, खंदक आणि कोन यांचें वर्णन करूं लागतात, आणि स्वतःच्याच शब्दांत असे गुरफटतात कीं दुखणें बरें होण्याऐवजीं वाढत जातें. अखेर ते नकाशा मागवितात, आणि पुढें तर परसामागच्या हिरवळीवर मातीचे किल्लेच उभारूं लागतात. या प्रकरणाला माझा वर्ग दरवर्षीं हंसतो. मीही हंसतों, परंतु अलीकडे हंसतांना माझ्या नखांत माती असते.

आमच्या परसांत, लिंबाच्या आळ्यापासून पाण्याच्या टांकीपर्यंत, मी आगगाडी बांधीत आहें.

लहानपणीं मीं अशा पुष्कळ गाड्या केल्या होत्या. दोऱ्याचें लाकडी रीळ म्हणजे बॉयलर, सदऱ्याचीं बटणें म्हणजे चाकें, काड्यापेट्यांचे डबे आणि सर्वांना धरून ठेवणारी घरची खळ. कॉलेजांत गेल्यावर तें सारें सुटलें. चाळीस वर्षांनीं पुन्हां तिकडे वळतांना पहिली अट घातली ती डोळ्यांनीं. टेबलावर मांडण्याच्या गाड्यांची जी विशेष प्रचलित जात आहे, तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें साडेसोळा मिलीमीटर असतें. कोथरुडांतील जोशी यांच्या संग्रहालयांत तसल्या गाड्या पाहून मन हरखतें; पण तसली कारागिरी चष्म्यावर चष्मा चढवूनही माझ्या हातून होणार नाहीं. बागेंतल्या गाडीचें माप त्या मानानें ऐसपैस, पंचेचाळीस मिलीमीटर. जर्मनीच्या मेर्कलिन कारखान्यानें १८९१ सालीं खेळण्यांतल्या रुळांचीं मापें ठरवून दिलीं, त्यांतलें हें ‘एक क्रमांका’चें. १९६८ सालीं न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनें याच मापाच्या, ऊनपाऊस सोसणाऱ्या गाड्या बाजारांत आणल्या आणि जगभर प्रौढांना अंगणांत गुडघे टेकायला लावलें.

आतां, पंचेचाळीस मिलीमीटर म्हणजे दोन फुटांचा सुमारें साडेतेरावा भाग. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून नेरळहून माथेरानला गाडी चढते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं बांधलेला तो मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. त्या गाडीवर माझे वडील ब्रेक धरीत.

त्या काळीं त्या गाडीच्या डब्याडब्यावर ब्रेकवाला उभा असे. इंजिनाच्या शिटीचा इशारा झाला कीं त्यानें हातचाक फिरवून ब्रेक आंवळायचा, पुन्हां इशारा झाला कीं सैल करायचा. वडील मितभाषी होते. कामाविषयीं विचारलें तर म्हणत, “उतार फार.” या दोन शब्दांपलीकडे त्यांच्या नोकरीविषयीं मला कांहीं मिळालें नाहीं, आणि ज्याचा जन्म शब्दांवर पोट भरण्यांत गेला, त्याला ही उणीव फार सलते.

वीस किलोमीटरांच्या मार्गाला साडेतेरानें भागलें तरी दीड किलोमीटर उरतो. माझें परस नऊ मीटरांचें. तेव्हां मीं त्या वाटेचा फक्त एक चढ निवडला. लहान करण्याचें हें गणितही मोठें विलक्षण आहे. गलिव्हर लिलिपुटच्या लोकांहून बारापट उंच, म्हणून तेथील गणिती त्याला एक हजार सातशें अठ्ठावीस जणांचें अन्न मंजूर करतात. स्विफ्टनें घनाचा हिशेब चोख ठेवला आहे. त्याच हिशेबानें खरा डबा माझ्या डब्याहून साडेतेरापट लांब, पण अडीच हजारपट जड. कठड्यावर उतरणारी साळुंकी माझ्या प्रवाशांना शहामृगाहून मोठी दिसत असेल. पावसाचा टपोरा थेंब त्यांच्या डोक्यावर लिंबाएवढा पडतो. उतार मात्र लहान होत नाहीं. माथेरानच्या वाटेवर वीस फुटांना एक फूट चढ आहे. माझ्या परसांतही वीस बोटांना एक बोटच.

गेल्या पौषांत चार मीटरांचा तो चढ पुरा झाला. वरचें टोक खालच्याहून वीस सेंटिमीटर उंच. जुन्या टेबलाच्या खणाचें सागवान वापरून केलेला डबा मीं वर ठेवला. बोट काढतांच तो क्षणभर थबकला, आणि सुटला तो थेट लिंबाच्या आळ्यांत. पुन्हां ठेवला, आणि या वेळीं बोटानें अडवीत खालीं आणूं लागलों. दाबलें कीं अडे, सैल सोडलें कीं पळे. अगदीं घट्ट धरणें सोपें, सोडून देणें त्याहून सोपें. थोडेंसेंच, आणि सारखें, धरून राहणें हें काम चार मीटरांतच माझ्या मनगटाला जाणवलें. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तो डबा वर नेत होतों आणि उतरवीत होतों. पत्नीनें दोनदां चहा आणून ठेवला व गार झालेला परत नेला.

पावसाळ्यांत निराळीच नोकरी असते. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें खरा मार्ग उध्वस्त केला, आणि तो पुन्हां सुरू व्हायला २००७ साल उजाडावें लागलें. माझी खडी तर दर मोठ्या सरीबरोबर वाहून जाते. रुळावर गोगलगाय चिकटते, स्लीपरांखालीं मुंग्या वारूळ घालतात. रुळांतून वीज खेळविली तर चिखलानें ती खंडित होते, म्हणून इंजिनाच्या पोटांतच बॅटरी ठेवली आहे. “अहो, कुंडींतली माती कुठें गेली?” या प्रश्नाला उत्तर देण्याचें मीं सोडून दिलें आहे.

सध्यां ब्रेकवाल्याची मूर्ति करीत आहें. वडिलांची उंची या मापांत सव्वाबारा सेंटिमीटर भरते. शिवणीच्या लांकडांत धड उतरलें, टोपी साधली. परवां पत्नी ती उचलून पाहत होती.

“हात कुठें आहेत?” तिनें विचारलें.

“अजून व्हायचे आहेत,” मीं म्हणालों.