संत्री बदलला का?

गेल्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग दिल्ली कँटला होती आणि आबा नोएडात धाकट्या भावाकडे राहायला आले होते. तिथंच त्यांना न्यूमोनिया झाला. एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत ठेवावं लागलं. आबाही फौजीच, पायदळातून नाईक म्हणून निवृत्त झालेले.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी कॉटला बांधलेले. रात्री सलाईनची सुई उपसून टाकली होती. मला बघून म्हणाले, "संत्री बदलला का? केव्हाचा टेलिफोन वाजतोय, कुणी उचलत का नाही?"

टेलिफोन म्हणजे शेजारच्या मॉनिटरचा अलार्म. आबा पूंछच्या जुन्या चौकीवर पोचले होते. बाहेर आल्यावर भाऊ रडायलाच लागला. "दादा, आबांचं डोकं गेलं रे."

डॉक्टरांनी समजावलं. याला डेलिरियम म्हणतात. वय, जंतुसंसर्ग, ताप, औषधं अशी कारणं असतात आणि मोडलेली झोप त्यात भर घालते. मी विचारलं, "मग झोपेचं औषध द्या ना." ते म्हणाले, "गुंगी आणि झोप एक नसते."

विनंती करून त्या रात्री दोन तास आत बसलो. गार्ड ड्यूटीवर मोजतो तसं मोजलं. आबा अकरा वेळा दचकले. कधी बीपीचा पट्टा आपोआप आवळला, कधी स्टीलचा ट्रे पडला, कधी कुणी रक्त न्यायला आलं. डोक्यावर ट्यूबलाइट चालूच. चौकीवर दोन तास पहारा दिला की पुढं झोपायला तरी मिळतं. इथं पहारा संपतच नव्हता.

रुग्णालयाबाहेर शांतता क्षेत्राची पाटी होती. कायद्यानं अशा क्षेत्रात रात्री आवाजाची मर्यादा 40 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना वॉर्डात रात्री 30 च सांगते. पण हॉर्न बाहेर वाजतात, अलार्म तर उशाशी.

रात्रपाळीची सिस्टर केरळची होती. तिला म्हटलं, "सिस्टर, तक्रार नाही, पण काही करता येईल का?" ती जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. डॉक्टरांना विचारून तिनं बीपीच्या दोन मोजण्यांतलं अंतर वाढवलं. रक्त घेणं आणि कूस बदलणं एकाच वेळी उरकायचं ठरवलं. आबांवरचा दिवा बंद केला, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी दिली. दिवसा आम्ही चष्मा आणि कानाचं यंत्र लावायचो, समोर घड्याळ ठेवायचो, गावाकडच्या गप्पा मारायचो. यात नवीन काही नाही. 2018 च्या अमेरिकी अतिदक्षता तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही आवाज आणि उजेड कमी करा असंच आहे. सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं तर 1859 च्या पुस्तकात आवाजावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

दुसऱ्या रात्री आबा सलग तीन तास झोपले. ताप उतरला होता, म्हणून सगळं श्रेय झोपेला देणार नाही. पण सकाळी हात सोडले होते आणि त्यांनी विचारलं, "तू रजा टाकून आलास का रे?"

तुमचं माणूस आयसीयूत असेल, तर औषधांबरोबर एवढंही विचारा: रात्री त्याला झोपू कसं देता येईल? विचारताना आवाज मात्र खालचा ठेवा. सिस्टरही रात्रभर जागीच असते.