पथ्य, गोळी आणि हृदय

रुमॅटॉइड संधिवात, म्हणजे बोलीतला आमवात, हा वयोमानाने गुडघे झिजण्याचा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते; अस्तर सुजते आणि ती सूज पुढे कूर्चा नि हाड कुरतडत जाते. साधारण शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना तो होतो. बायकांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सुरुवात बहुधा हातांपासून होते. सकाळी बोटे आखडलेली असतात, मूठ पुरती मिटत नाही, कुकरचे झाकण बसवणे जड जाते, कणीक तिंबताना मनगटात कळ येते, रोजच्या बांगड्या हातात चढेनाशा होतात. हा आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकतो आणि हातपाय हलते झाले की सैलावतो. झिजेच्या दुखण्याची तऱ्हा वेगळी: ते वापराने वाढते आणि विश्रांतीने उतरते.

सांध्यावरची सूज डोळ्यांना दिसते, रोहिण्यांमधली दिसत नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाह पेटता ठेवणारी द्रव्ये रक्तातून सर्वत्र फिरतात. रोहिण्यांचे आतले अस्तर त्यांनी बिघडते, भिंतीत चरबीचे थर लवकर साचतात आणि ते फुटून गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका समवयस्कांच्या सुमारे दीडपट धरला जातो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर जोखमीच्या नेहमीच्या गणिताचे उत्तर १.५ ने गुणायला सांगितले आहे. त्यातही एक चकवा आहे. आजार भरात असताना कोलेस्टेरॉल उतरलेले दिसते, कारण दाहच ते उतरवतो. रिपोर्ट पाहून रुग्ण निर्धास्त होतो, पण धोका मात्र वाढलेला असतो. उपचाराने दाह शमला की आकडा थोडा चढतो. ही तपासणी आजार आटोक्यात असताना केलेली बरी, ती यासाठीच.

पथ्यावर भागेल की गोळ्या घ्याव्याच लागतील, हा प्रश्न अशा रुग्णाच्या घरात हमखास निघतो. त्याचे उत्तर सांध्यांपुरते एक येते आणि हृदयापुरते दुसरे.

सांध्यांपुरते पाहिले तर औषधाला पर्याय नाही. पहिल्या काही महिन्यांत दाह आवरला तर हाडे वाचतात. एकदा कुरतडले गेलेले हाड आहाराने भरून येत नाही आणि औषधानेही नाही. उपचाराचा कणा मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेतते. सोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक काळाने यकृताची व रक्ताची तपासणी. तेवढ्याने भागले नाही तर टीएनएफला रोखणारी इंजेक्शने असतात. दाह शमल्याचा लाभ हृदयालाही मिळतो, मात्र तो आजार आवरल्यामुळे मिळतो. संधिवात नसलेल्या हृदयरुग्णांना मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलेल्या, २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

सगळी औषधे हृदयाच्या बाजूची असतात असेही नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळाले. पुढे त्याची किंमत कळली. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले की साखर, रक्तदाब आणि वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामकांची कथा तशीच. रोफेकॉक्सिब हे गाजलेले औषध हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसल्यावर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. दुकानातून सर्रास मागून घेतले जाणारे डायक्लोफेनॅकही या बाबतीत निर्धोक नाही. दोन्ही तऱ्हेची औषधे दुखणे झटकन दाबतात, म्हणून रुग्णाला तीच हवीशी वाटतात. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात आणि ती मध्येच सोडली जाते. झाडपाल्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, चार दिवसांत आराम देणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, हेही तज्ज्ञांना नवे नाही.

आहाराचा सांध्यांवर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. नॉर्वेत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही दिवसांच्या उपवासानंतर वर्षभर शाकाहार ठेवलेल्या रुग्णांचे दुखणे व सूज कमी झाली. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले रोज सुमारे ३ ग्रॅम, निदान तीन महिने घेतली तर दुखरे सांधे कमी होतात आणि वेदनाशामक कमी लागते. पण साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ही आम्ले बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. हिशेब मांडला तर दिवसाला दहा कॅप्सूल होतात. कोकणात ताटात येणारे बांगडा आणि तारली हे मासे या आम्लांनी समृद्ध आहेत. विदर्भातल्या जवसात त्यांचे मूळ रूप असते, पण शरीर त्यातले फार थोडे माशातल्या रूपात बदलते. जवसाची चटणी चांगलीच. तिने मेथोट्रेक्सेटची जागा घ्यावी एवढे तिचे बळ नाही. हळदीचेही तेच: तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषले जाते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये भूमध्य सागरी धाटणीच्या आहाराची सशर्त शिफारस केली. इतर ठरावीक आहारपद्धती आणि पूरक गोळ्यांची केली नाही.

आंबट नको, वांगे नको, हरभऱ्याची डाळ नको, ही घराघरांतली पथ्ये एखाद्याला लागूही पडतात. सरसकट पाळली की ताट आक्रसते, डाळ-दही सुटते आणि दाहाने आधीच झिजणारे स्नायू आणखी खंगतात.

हृदयापुरते पाहिले की आहाराचे वजन वाढते. दाहाखेरीज रक्तदाब, साखर, वजन आणि तंबाखू ही हृदयविकाराची नेहमीची कारणेही या रुग्णात असतातच, आणि संधिवाताची गोळी त्यांना हात लावत नाही. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडवते. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि बेताचे तेल हे मराठी ताट भूमध्य सागरी आहाराच्या गुणांपासून फार लांब नाही; त्याला बिघडवतात ते साखरेचे चहा, तळण आणि वनस्पती तूप. वजन उतरले तर संधिवाताची औषधेही अधिक लागू पडतात. धूम्रपानाचा तर आजार ओढवण्यातही हात असतो. मशेरी आणि तंबाखू सोडणे हे त्यामुळे पथ्यात पहिले. तरीही रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल चढेच राहिले तर त्यांच्या गोळ्या लागतात, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन या रुग्णांतही आपले काम करते.

औषध कमी करायचे तर त्यालाही क्रम आहे. आधी वेदनाशामक आणि स्टेरॉइड उतरवायचे. स्टेरॉइड एकदम न थांबवता हळूहळू. मेथोट्रेक्सेटसारखी मूळ औषधे शेवटी, तीही आजार बराच काळ शांत राहिल्यावर, दाह मोजणाऱ्या सीआरपीसारख्या तपासण्या आणि डॉक्टरांची नजर यांच्या आधाराने. त्यानंतर आजाराने पुन्हा उचल खाल्ली तर डोस पूर्ववत करायचा असतो. ताटातला आणखी एखादा पदार्थ वगळून ती उचल थांबत नाही.