वैशाखात उणे चाळीस

आमच्या दारात मोटार उभी राहील असं आम्हा नवराबायकोला कधी स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव. सात एकर रान, त्यातलं तीन एकर विहिरीवर भिजतं, बाकीचं आभाळाच्या भरवशावर. दोन म्हशी, एक गाय, चार शेरडं. असल्या घरात मोटार आली ती हौसेखातर नव्हे, गरजेपोटी आली.

आमच्या थोरल्याला १९८६ साली पोलिओ झाला. तेव्हा तो दोन वर्षांचा होता. अंगात ताप होता, पण किती होता कोण जाणे. घरात थर्मामीटर नव्हतं. त्याच्या आईनं कपाळाला हात लावावा आणि म्हणावं, "आज कमी वाटतोय." मी हात लावावा आणि म्हणावं, "जास्तच आहे." अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. चौथ्या दिवशी बैलगाडीतून तालुक्याला नेलं तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. पुढं डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की थर्मामीटर असतं तरी पाय वाचला असता असं नाही. आधी डोस पाजले असते तर वाचला असता. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा आम्ही दोघं आनंदानं रडलो. पण आमच्या पोरापुरता तो आनंद उशिरा आला होता.

पोरगं मात्र जिद्दीचं निघालं. बी. कॉम. झालं, तालुक्याच्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलं. आमच्या वस्तीपासून एसटीचा थांबा दोन किलोमीटर आणि तिथून पुढं तालुका अठरा. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर तो जायचा. २०१८ च्या पावसाळ्यात ती स्कूटर ओढ्याच्या चिखलात कलंडली आणि त्याचं मनगट मोडलं. मग २०१९ साली त्यानं कर्ज काढून जुनी मोटार घेतली, क्लच नसलेली. हिला ऑटोमॅटिक म्हणतात. डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायानं ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, एवढंच. पहिल्या दिवशी त्यानं आईला शेजारी बसवून देवाला नेलं. परत आल्यावर ती मला म्हणाली, "आज पहिल्यांदा त्यानं मला नेलं. आजवर मीच त्याला नेत आले."

एवढं सांगायचं कारण, २०२४ च्या वैशाखात ती गाडी बिघडली.

समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. गाडी जागची उठेना, उठली तर चिखलातून गाडा ओढावा तशी रेटत चालायची. ती तिसऱ्याच गिअरमध्ये अडकून पडली होती, खालीही येईना आणि वरही जाईना. मुलानं ती जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथं यंत्र लावून बघितलं. गिअरच्या तेलाच्या तापमानाचा दोष दाखवतंय म्हणाले. दिवा विझवून दिला. गाव येईस्तोवर तो पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, "गिअरबॉक्स जुना झालाय. उतरवून बदलावा लागेल. एक लाख चाळीस हजार."

मुलगा घरी आला आणि काही न बोलता ओट्यावर बसला. गाडीच्या कर्जाचे हप्ते अजून चालूच होते. रात्री जेवणं झाल्यावर त्याची आई म्हणाली, "दोन्ही म्हशी काढू." म्हशी तिच्या. दुधाचा पैसा तिचा. नातीची फी, घरचं तेलमीठ, सारं त्यावर चालायचं. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघायचं काय त्यात? त्याचा पाय दारात मोडून पडलाय." व्यापाऱ्याला निरोप गेला. तो सोमवारी येणार होता.

रविवारी सकाळी शेजारच्या रानात ट्रॅक्टरचं वायरिंग करायला चाचा आले होते. तालुक्याच्या पेठेत त्यांचं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान आहे. माझ्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर त्यांनीच जोडून दिलेला. अलीकडं मोठ्या ट्रॅक्टरनाही कॉम्प्युटर आले, तसा चाचांनी एक स्कॅनर घेतला. मी त्यांना चहाला बोलावलं आणि सहज गाडीचा विषय काढला. चहा तसाच ठेवून ते उठले. "अण्णा, गाडी रात्रीपासून चालू केली नाही ना? मग आत्ताच बघू. थंड गाडी खरं बोलते."

स्टिअरिंगच्या खाली एक खोबण असते, तिथं त्यांनी स्कॅनर जोडला आणि मला जवळ बोलावलं. पडद्यावर तीन आकडे होते. इंजिनाचं पाणी ३१ अंश. आत येणारी हवा ३० अंश. गिअरचं तेल उणे ४० अंश.

मी म्हटलं, "उणे म्हणजे बर्फाच्याही खाली?"

चाचा हसले. "तेच तर. रात्रभर एका छपराखाली उभी राहिलेली गाडी. पाणी, हवा, तेल सगळं एकसारखंच गरम असायला पाहिजे, थोडाफार फरक सोडला तर. तिघांतले दोघं एक बोलतायत आणि तिसरा म्हणतोय मी हिमालयात आहे. तर कोण खोटं?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते जसंच्या तसं सांगतो. आपल्यातल्या कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

या गाड्यांत क्लचच्या जागी तेलानं भरलेलं एक भांडं असतं. इंजिनाचा जोर त्या तेलातून पुढं जातो. गिअर बदलण्याचं कामही तेलाच्या दाबानंच होतं. त्यामुळं तेल फार तापलं तर जळतं आणि गिअरबॉक्स खराब होतो. म्हणून तेलात एक थर्मामीटर बसवलेलं असतं, त्याला सेन्सर म्हणतात. त्यात पारा नसतो. एक बारीकसा तुकडा असतो. तो थंड असला की विजेला जास्त अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. वीज किती अडते यावरून कॉम्प्युटर तेलाचा ताप ओळखतो.

आता मधली वायरच तुटली तर वीज पूर्णपणे अडते. कॉम्प्युटरला वाटतं, एवढी अडते म्हणजे भयंकर गारठा आहे. म्हणून तो सगळ्यात खालचा आकडा दाखवतो, उणे चाळीस. उलट वायर घासून गाडीच्या पत्र्याला चिकटली, तर अडवणारं कुणीच उरत नाही आणि आकडा एकदम आभाळाला भिडतो. आमच्या गाडीच्या दोषाचा नंबर पी ०७१३ होता. पी ०७१२ असता तर वायर चिकटल्याचा संशय घ्यायचा, पी ०७१३ असला तर तुटल्याचा. तेल किती तापलंय याचा भरवसा राहिला नाही, की आमच्यासारख्या गाडीचा कॉम्प्युटर सावध होऊन एकाच गिअरमध्ये गाडी अडकवतो, म्हणजे माणूस कसाबसा घरी पोचावा.

"म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे?" मुलानं विचारलं.

"अजून म्हणत नाही," चाचा म्हणाले. "आधी तेल बघू."

आमच्या गाडीला गिअरच्या तेलाची कांडी आहे. सगळ्या गाड्यांना ती नसते. कांडीवरचं तेल त्यांनी पांढऱ्या फडक्यावर टिपलं. लालसर रंग, स्वच्छ. मला वास घ्यायला लावला. जळका वास नव्हता. जळालेलं तेल काळपट होतं आणि करपलेल्या फोडणीसारखा वास मारतं. तसं असतं तर वर्कशॉपवाल्याचं म्हणणं खरं मानावं लागलं असतं.

पुढं त्यांनी गिअरबॉक्सवरचा प्लग काढला आणि सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावलं. सव्वादोन हजार ओहमच्या आसपास आकडा आला. सकाळच्या थंड गाडीला तो बरोबर आहे म्हणाले. मग प्लग लावून गाडी रस्त्यावर अर्धा तास तशीच रेटत फिरवली आणि पुन्हा मोजलं. आकडा साडेतीनशेवर उतरला होता. तेल तापलं तसा आकडा उतरला, म्हणजे थर्मामीटर जिवंत आहे. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण तापल्यावर उतरले पाहिजेत, हे बहुतेक ठिकाणी सारखं.

मग आली शेवटची परीक्षा. कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या प्लगमधल्या सेन्सरच्या दोन पिना त्यांनी वायरच्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. वायरिंग ठीक असेल तर आकडा उणे चाळीसवरून थेट वर उडी मारायला हवा. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो. माझी बायको भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. आकडा हलला नाही. उणे चाळीस ते उणे चाळीसच.

"झालं," चाचा म्हणाले. "गिअरबॉक्स सुटला, सेन्सर सुटला. चोर मधल्या वाटेवर आहे."

इथं एक इशारा देतो. त्या प्लगमध्ये बऱ्याच पिना असतात, आणि चुकीच्या दोन जोडल्या तर कॉम्प्युटर जळू शकतो. चाचांकडं त्या गाडीचा नकाशा मोबाईलवर होता आणि त्यांनी तो दोनदा पडताळला. आपण बघून बघून हा प्रयोग करू नये.

बॅटरीची वायर सोडून त्यांनी एकेक वायर तपासली. एक सलग निघाली, दुसरी नाही. तिच्या मागं मागं जात ते बॅटरीच्या खाली पोचले. तिथली काळी नळी उकलली आणि आतून ज्वारीचे दाणे सांडले. वायर कुरतडून तुटली होती. शेजारच्या वायरीचंही वरचं कातडं खाल्लं होतं, पण आतलं तांबं शाबूत होतं.

दोष कुणाचा? माझाच. गाडीला ऊन लागू नये म्हणून कडब्याच्या गंजीलगतच्या छपरात तिला मीच उभी करत होतो. शाळू काढून झाला की रानातला उंदीर वस्तीकडं येतो हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. धान्याच्या कणगीची काळजी घेतली, गाडीची घ्यायची असते हे डोक्यातच आलं नाही.

चाचांनी वायर नुसती पिळून चिकटपट्टी मारली नाही. खराब भाग कापला, नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर आकसणारी नळी चढवून गरम केली, मग नवी जाड नळी घातली. पीळ हादऱ्यानं सुटतो आणि पावसाळ्यात हिरवा पडतो, हे आपण विहिरीवरच्या मोटारीच्या केबलीत बघतोच. सगळं जोडून दोष पुसला. पडद्यावर तेलाचा खरा आकडा दिसला. मुलानं गाडी काढली, अर्ध्या तासानं परतला तेव्हा आकडा ऐंशीच्या पुढं होता, दिवा विझलेला होता आणि गिअर आपापले पडत होते. चाचांनी सातशे रुपये घेतले. बायकोनं त्यांना चरवी भरून दूध दिलं आणि व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून फोन करायला मला हुकूम केला.

वर्कशॉपवाल्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं नंबर वाचला, पण पुढं मोजलं नाही. सेन्सर खरोखर मेलेला असता तर गिअरबॉक्सखालचं तेलाचं ताट उतरवून तो बदलावा लागला असता, त्याला खर्च आला असता. पण तोही संपूर्ण गिअरबॉक्सपेक्षा पुष्कळ कमी. आणि दिवा लागला म्हणजे उंदीरच, असंही धरू नये. घाटात, भरल्या गाडीला किंवा चिखलात रुतल्यावर दिवा लागला, तर तेल खरंच तापलेलं असू शकतं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी आणि जाणत्याला दाखवावी.

आपल्या ट्रॅक्टरच्या पाण्याच्या काट्यालाही हीच रीत लागू आहे. काटा लाल पट्ट्यात गेला तर आधी ट्रॅक्टर थांबवावा. थंड झाल्यावर पाणी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरच्या जाळीतला भुसा बघावा. सगळं ठीक असूनही काटा वेडंवाकडं दाखवत असेल, तर त्याची वायर बघावी. काही जुन्या ट्रॅक्टरना वायरऐवजी तांब्याची बारीक नळी असते, ती चेपली की काटा गप्प होतो.

छपरातून गाडी आता अंगणात कडुनिंबाखाली आली आहे. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून मी टॉर्चनं आत बघतो. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पाऱ्याचं जुनं थर्मामीटर आहे. १९८६ सालीच आणलं होतं, पोराचा ताप उतरून गेल्यावर. त्या रविवारी रात्री बायकोनं ते खाली काढून पुसलं आणि परत जागेवर ठेवलं. बोलली काही नाही. सोमवारी पहाटे ती नेहमीसारखी धार काढायला गेली आणि साडेनऊला पोरगं गाडी घेऊन कामावर गेलं.